गाडीतल्या नेव्हिगेशनवर किती भरवसा ठेवायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय, गाडीत कंपनीनेच बसवून दिलेलं नेव्हिगेशन. वरचं मॉडेल घ्या, त्यात नेव्हिगेशन आहे असं शोरूममध्ये सांगतात, आपण जास्तीचे पैसे भरतो आणि मग घाटात गेल्यावर प्रश्न पडतो की आता ऐकायचं कुणाचं, गाडीचं की मोबाईलचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं जागेसाठी थोडी कापलीत, मुद्दे तेच आहेत.

प्रश्न: ताई, आम्ही ठाण्याला राहतो, गाव खेड तालुक्यात, त्यामुळे गणपती आणि शिमगा चुकत नाही. नवीन गाडी घेतली, मोठी स्क्रीन, आतच नेव्हिगेशन. कशेडीच्या बोगद्यात शिरलो की मोबाईल एका जागी अडकतो, गाडीच्या स्क्रीनवरचा बाण मात्र चालू राहतो, पण तो बोगद्यात न दिसता जुन्या घाटाच्या वळणांवर पळताना दिसतो आणि आतली बाई सांगते पुढे तीव्र वळण आहे. भाऊ म्हणतो गाडीची सिस्टीम बोगस, मी म्हणतो मोबाईल अडकला त्याचं काय. खरं कोण? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमच्या गाडीने एक काम चोख केलंय आणि दुसऱ्यात ती नापास झालीय. पहिलं काम म्हणजे आपण कुठे आहोत ते ओळखणं आणि दुसरं म्हणजे तिथे रस्ता कसा आहे ते माहीत असणं. ही दोन कामं वेगवेगळ्या गोष्टींवर चालतात, हे एकदा डोक्यात बसलं की या विषयातले निम्मे वाद मिटतात.

आधी पहिलं घेऊ. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर फिरतात, त्यातल्या किमान चारांचा सिग्नल मिळाला की गाडीला आपली जागा कळते, मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरच्या फरकाने. (२००० च्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, तेव्हा हीच चूक शंभर मीटरपर्यंत जायची, रस्त्यावर वापरणं त्यानंतर खूपच सोपं झालं.) बोगद्यात हा सिग्नल पोचतच नाही. मग फोन शेवटच्या वेगावरून अंदाज करतो किंवा सरळ थांबतो. गाडीकडे मात्र चाकांचे सेन्सर असतात, तेच जे ब्रेकच्या एबीएससाठी लागतात, आणि गाडी किती वळली ते सांगणारा जायरो असतो. चाकं इतकी फिरली, गाडी इतकी वळली, म्हणजे आपण अमुक जागी असणार, असा हिशेब ती करत राहते. डोळे मिटून घरात चालताना आपण पावलं मोजतो ना, तसंच. हे तंत्र उपग्रहांच्या आधीचं आहे. होंडाने १९८१ मध्ये जपानात अशी सिस्टीम गाडीत दिली होती, त्यात उपग्रह नव्हताच, फक्त जायरो आणि चाकाचा हिशेब, आणि छोट्या स्क्रीनवर पारदर्शक नकाशाचे कागद सरकवायचे. उपग्रहावर चालणारं नेव्हिगेशन माझदाच्या गाडीत १९९० मध्ये आलं. तेव्हा बोगद्यात बाण चालू राहणं ही बिल्ट-इन सिस्टीमची खरी ताकद आहे आणि ती फोनला सहज मिळत नाही. काही गाड्यांत फोन जोडला की गाडी आपल्या अँटेनाची आणि चाकांची माहिती फोनलाही देते, तेव्हा फोनसुद्धा बोगद्यात नीट चालतो, पण सगळ्या गाड्या हे करत नाहीत.

या हिशेबाला मर्यादा आहे. अंतर वाढत जातं तशी छोटी चूक साठत जाते, त्यामुळे कशेडीच्या दोनेक किलोमीटरला काही जाणवत नाही पण समृद्धीवर कसाऱ्याचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे तिथे बाहेर पडताना बाण थोडा मागे-पुढे दिसू शकतो. आणि मॉलच्या तळघरातून गोल गोल रॅम्पने वर आलात की पहिली दोन-तीन मिनिटं गाडीला दिशाच कळत नाही, उजवीकडे वळा म्हणेल आणि ते डावीकडे असेल. अशा वेळी सरळ थोडं पुढे जायचं, आभाळ मोकळं मिळालं की ती सावरते. टायरचा साईज बदललात तरी काही दिवस हिशेब चुकतो, मग ती आपोआप जुळवून घेते.

आता दुसरं काम. तुमच्या गाडीतल्या नकाशात कशेडीचा बोगदा नाहीच. आणि सिस्टीमला सवय असते गाडीला जवळच्या ओळखीच्या रस्त्यावर चिकटवायची, याला मॅप मॅचिंग म्हणतात, एरवी ही चांगली सोय आहे कारण नाहीतर बाण सतत फुटपाथवर आणि शेतात दिसला असता. पण नकाशात बोगदा नसेल तर ती म्हणते की ही गाडी जुन्या घाटातच असणार, आणि बाईसाहेब वळणं मोजायला लागतात. तुम्ही बघितलंत ते हेच.

नकाशा इतका जुना का राहतो हेही सांगते. रस्ता झाला की नकाशा कंपनीची माणसं तो फिरून नोंदवतात (आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत मॅपमायइंडियाचा नकाशा असतो, १९९५ पासूनची कंपनी आहे), मग तो गाडी कंपनीकडे जातो, तिथे त्या त्या स्क्रीनवर तपासतात, मग अपडेट म्हणून निघतो, आणि मग तुम्ही तो टाकून घ्यायचा असतो. शेवटची पायरी बहुतेक जण करतच नाहीत. सर्व्हिसिंगला गाडी देताना ऑइल, फिल्टर, वॉशिंग सगळं सांगतो, नकाशा अपडेट करा असं कुणी म्हणत नाही, आणि न मागता तो कुणी करेलच असं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर लिहूनच घ्या.

आपला नकाशा किती जुना आहे ते घरबसल्या कळतं. सेटिंगमध्ये मॅप व्हर्जन दिसतं, पण ते आकडे कुणाला कळत नाहीत, त्यापेक्षा सोपं म्हणजे नवीन रस्ते विचारून बघा. शिवडी ते चिर्ले रूट मागा, अटल सेतूवरून नेला नाही तर नकाशा जानेवारी २०२४ च्या आधीचा. इगतपुरी ते आमणे मागा, समृद्धीने नेलं नाही तर तो जून २०२५ च्या आधीचा. फक्त टोल टाळा हा पर्याय बंद आहे ना ते आधी बघा, नाहीतर उगाच गाडीला दोष द्याल.

प्रश्न: पुण्यात चांदणी चौकात माझ्या गाडीचं नेव्हिगेशन पार गोंधळतं, कधी वरच्या रॅम्पला खालचा समजतं. मुंबईत मामांकडे जाताना जेजे फ्लायओव्हरच्या खालून चाललो होतो आणि ती सांगत होती की सरळ जा, डावीकडचं वळण गेलंच. वर आणि खाली इतकं साधं कळत नाही? (वाचक, कोथरूड)

उत्तर: साधं नाहीये ते. वरून बघितलं तर फ्लायओव्हर आणि त्याच्या पोटातला रस्ता एकाच रेषेवर असतात, आणि जीपीएसची उंचीतली चूक ही आडव्या चुकीपेक्षा जास्त असते. पाच-सहा मीटर वर आहोत की खाली हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. त्यात फ्लायओव्हरखाली आभाळ झाकलेलं आणि बाजूला उंच इमारती, त्यांच्या भिंतींवर आपटून सिग्नल येतो. ज्या बिल्ट-इन सिस्टीममध्ये गाडी चढाला लागली हे सेन्सर ओळखतो त्या थोड्या बऱ्या पडतात, पण चढ फार हळू असेल तर त्याही फसतात. मोबाईलच्या नकाशात गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या काही शहरांसाठी फ्लायओव्हर घ्या असं आधी सांगायची सोय आणली, तिचा उपयोग होतो, कारण निर्णय फाट्याच्या आधी घ्यायचा असतो. एकदा चुकीच्या पातळीवर गेलात की सिस्टीमला ते कळेपर्यंत पुढचं वळण निघून जातं.

चांदणी चौकाची गोष्ट वेगळी आहे. जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, नवीन रॅम्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याआधीचा नकाशा असेल तर तुमची गाडी आता नसलेल्या पुलावरून रस्ता काढतेय. तिथे अपडेट होईपर्यंत आवाज बंद करा आणि पाट्या वाचा, खरंच सांगते, त्या चौकात पाट्याच जास्त कामाच्या.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६८. गाडीत गावाचं नाव टाकताना फार त्रास होतो. वडगाव टाकलं तर यादी येते ती संपत नाही. छत्रपती संभाजीनगर टाकलं तर मिळत नाही आणि जुनं औरंगाबाद टाकलं तर एकदा थेट बिहारचा रूट दाखवला. काय करावं? (एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: सर, बिहारमध्ये खरोखरच औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्यामुळे गाडीने आपल्या परीने बरोबरच दाखवलं. आपल्या शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, धाराशिवचंही तेव्हाच, अहिल्यानगरचं २०२४ मध्ये, पण जुन्या नकाशात जुनीच नावं बसलेली असतात. अपडेट होईपर्यंत जुनं नाव टाकून यादीत राज्य महाराष्ट्र आहे ना ते बघूनच ओके करा.

वडगावचा उपाय म्हणजे गावाऐवजी जवळची एखादी ठळक जागा टाकायची, पेट्रोलपंप, कॉलेज, रेल्वे स्टेशन. बुद्रुक आणि खुर्द असेल तर ते टाकाच, दोन्ही गावं शेजारी वाटली तरी मध्ये नदी असू शकते आणि पूल लांब असू शकतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे ज्यांच्याकडे जायचंय त्यांनी व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवावं आणि त्यातले अक्षांश-रेखांश तुम्ही गाडीत टाकावेत. बऱ्याच गाड्यांत ही सोय सर्चच्या आत कुठेतरी लपलेली असते, नातवंडांना एकदा शोधून द्यायला सांगा. पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, दहा अक्षरांचा कोड, देशातला प्रत्येक चार बाय चार मीटरचा तुकडा त्यात येतो. गाड्यांच्या स्क्रीनवर तो सरसकट चालायला लागला तर वडगावांचा प्रश्न कायमचा सुटेल, आणि तो सुटावा असं मला मनापासून वाटतं, कारण चुकीच्या वडगावला जाऊन लग्न चुकलेली माणसं माझ्याच नात्यात आहेत.

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. २००९ ची गाडी आहे, इंजिन उत्तम, नेव्हिगेशन डीव्हीडीवर चालतं. डीलर नवीन डीव्हीडीचे दोनशे डॉलर सांगतोय. मिस्टर म्हणतात टाकून घेऊ, गाडीचंच ते जास्त भरवशाचं. टाकू का? (एक वाचक)

उत्तर: नका टाकू. त्या पैशात फोनसाठी चांगला होल्डर आणि चार्जर घ्या, आणि उरलेले ठेवून द्या. डीव्हीडी ज्या दिवशी छापली त्याच दिवसापासून जुनी व्हायला लागते आणि तिला ट्रॅफिक कळत नाही, तुमच्याकडे टर्नपाइकवर ट्रॅफिक कळणं हेच तर मुख्य काम.

मिस्टरांना भरवशाबद्दल एवढंच सांगा की जुन्या सिस्टीम आतूनही म्हाताऱ्या होतात. जानेवारी २०२२ च्या पहिल्या दिवशी होंडा आणि अक्युराच्या २००४ ते २०१२ दरम्यानच्या कितीतरी गाड्यांतलं नेव्हिगेशनचं घड्याळ अचानक २००२ साल दाखवायला लागलं, लोक हाताने दुरुस्त करायचे आणि ते परत मागे जायचं, शेवटी कंपनीने सांगितलं की ऑगस्टमध्ये आपोआप नीट होईल. जीपीएसमध्येही तारीख आठवड्यांच्या आकड्याने येते आणि तो आकडा १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण पावणेवीस वर्षांनी, परत शून्यावर जातो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये गेला, ६ एप्रिल २०१९ ला गेला. जुन्या रिसीव्हरला हे नीट शिकवलेलं नसेल तर तारीख चुकते, आणि तारीख चुकली की पोचायची वेळही चुकते. शिवाय २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हा ज्या गाड्यांची कनेक्टेड सेवा थ्रीजीवर होती ती तिथेच संपली, गाडी धडधाकट असून. गाडी पंधरा-वीस वर्षं चालते आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांत विसरलं जातं, हे मला फार खटकतं. घेताना कुणी सांगत नाही की नकाशा किती वर्षं फुकट मिळणार आणि नंतर काय. नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे लेखी विचारावं.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडी घेतलीय, नाशिकहून नागपूरला सासरी जायचं, सिन्नरजवळून समृद्धीला लागणार. गाडीचं नेव्हिगेशन म्हणतं मध्ये एकदा चार्ज करा, मोबाईलला तर बॅटरीचं काही कळतच नाही. विश्वास ठेवू? (वाचक, नाशिक)

उत्तर: ठेवा. इलेक्ट्रिकमध्ये बिल्ट-इन सिस्टीम मोबाईलच्या खूप पुढे आहे, कारण बॅटरीत किती उरलंय, एसी किती खातोय, पुढे चढ आहे की उतार, हे तिला आतून कळतं. काही गाड्या तर चार्जर जवळ आला की बॅटरी आधीच योग्य तापमानाला आणून ठेवतात, पण ते तेव्हाच जेव्हा तो चार्जर तुम्ही गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये टाकलेला असतो.

पण समृद्धीवर १२० चा वेग आहे आणि तो घेतलात तर गणित बदलतं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, ९० ऐवजी १२० ने गेलात तर तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. गाडी पोचताना अमुक टक्के उरतील असं दाखवते, तो आकडा पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये बघत राहा, खाली सरकत असेल तर वेग कमी करा, लगेच थांबतो. आणि चार्जर तिथे आहे हे नकाशाला माहीत असतं, तो आज चालू आहे का हे बऱ्याचदा माहीत नसतं. निघायच्या आधी त्या चार्जरवाल्याच्या ॲपमध्ये बघा, आणि एक पुढचा चार्जर गाठता येईल इतकी बॅटरी हाताशी ठेवा. सासरी उशिरा पोचलेलं चालतं.

थोडक्यात काही उत्तरं. सांगलीच्या वाचकांनी विचारलंय की काचेला फिल्म लावल्यापासून होल्डरमधल्या फोनचा सिग्नल जातो: हो, मेटल असलेल्या फिल्मने आणि कोटेड काचेने असं होतं, गाडीच्या सिस्टीमला त्रास कमी कारण तिचा अँटेना बहुतेक वेळा छतावर असतो. जळगावहून विचारलंय की स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा नेव्हिगेशन ९५ दाखवतं, खरं कुठलं: सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात नेव्हिगेशनचं जास्त खरं, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये म्हणून तो थोडा जास्तच दाखवतो. एका विद्यार्थ्याने विचारलंय की इस्रोचा नाविक, म्हणजे जीपीएससारखी आपली उपग्रह यंत्रणा, आला की हे सगळे प्रश्न संपतील का. नाविकचे उपग्रह २०१३ पासून जातायत, मे २०२३ मध्ये नव्या पिढीचा पहिला गेला, आणि आपले स्वतःचे उपग्रह असणं ही मोठीच गोष्ट आहे, पण त्याने गाडी कुठे आहे एवढंच आणखी नीट कळेल. पूल वाहून गेलाय हे उपग्रह सांगत नाही.

प्रश्न: मुलगा हिंजवडीला नोकरीला, आम्ही दापोलीला. शुक्रवारी ऑफिस सुटलं की रात्री निघतो, पावसाळ्यातसुद्धा. मी म्हणते उजेडात ये, तो म्हणतो आई, नवीन गाडीत नेव्हिगेशन आहे, ती नेईल बरोबर. एकदा वरंध्यातून आला, म्हणे गाडीनेच तो रस्ता दाखवला. पेपरमध्ये काय काय वाचते आणि झोप लागत नाही. त्याला पटेल असं काहीतरी लिहा. (एक आई, दापोली)

उत्तर: काकू, हे उत्तर मी त्याच्यासाठीच लिहितेय, त्याला वाचायला द्या.

दादा, जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कळसूबाईकडे निघालेली पुण्याची मंडळी रात्री नकाशा बघत चालली होती. नकाशावर पूल होता, प्रत्यक्षात तो धरणाच्या पाण्याखाली गेला होता. गाडी पाण्यात गेली, एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघं गेले, पुलाचा पुढचा भाग पुराने आधीच तुटला होता आणि नकाशावर रस्ता अखंड दिसत होता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला मध्यरात्रीनंतर एक बाई पुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याला लागल्या, तो रस्ता जेट्टीवर संपतो, गाडी खाडीत गेली, सागरी पोलिसांनी वेळेत बाहेर काढलं म्हणून वाचल्या. या बातम्यांत मोबाईलचा नकाशा होता. तुझ्या गाडीतला नकाशा असता तरी वेगळं काही झालं नसतं, उलट तो आणखी जुना असण्याचीच शक्यता जास्त.

दोष एकट्या नकाशाचा नाही हे मला मान्य आहे. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भिंत घालायला हवी होती, पाण्याखाली जाणाऱ्या पुलावर रात्री दिसेल असा अडथळा हवा होता, ते ज्यांचं काम आहे त्यांनी ते केलं नाही आणि माणसं गेली. पण अडथळा नाहीये हे तुला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता तुझ्या रस्त्याचं. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवायचे आदेश निघतात, कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांना. हा आदेश जिल्हाधिकारी ऑफिसातून निघतो, पेपरमध्ये येतो, भोरच्या आणि महाडच्या माणसांना माहीत असतो, आणि तुझ्या गाडीच्या सिस्टीममध्ये तो पोचेलच याची काही खात्री नाही. तिने वरंधा दाखवला तो बहुधा किलोमीटर कमी म्हणून. सेटिंगमध्ये बघ, रूट ‘कमी अंतराचा’ या पर्यायावर ठेवलाय का, तो बदलून वेगवान कर आणि कच्चे रस्ते टाळा यावर टिक कर. मग निघायच्या आधी, गाडी उभी असताना, सगळा रूट एकदा बोटाने सरकवून बघ, कुठला घाट, कुठलं गाव. ताम्हिणीने जायचं असेल तर माणगाव मधला थांबा म्हणून टाक म्हणजे ती वाटेत डोकं चालवणार नाही. जोराचा पाऊस असेल तर ताम्हिणीही सोड, एक्सप्रेसवेने खोपोली, पाली, वाकण असा हायवेला लाग, लांब पडेल पण वाटेत माणसं आहेत, पेट्रोलपंप आहेत, उजेड आहे.

ताम्हिणीत मोबाईलची रेंज जाते तिथे बिल्ट-इन चालू राहतं, कारण नकाशा गाडीतच असतो, हा तिचा मोठा फायदा आहे आणि तो वापर. पण पुढे दरड पडलीय किंवा ट्रॅफिक अडलंय ही ताजी माहिती तिलाही सिमवरूनच येते, रेंज नसेल तर तीही गप्प, आणि ती गप्प असणं म्हणजे रस्ता मोकळा असं वाटायला लागतं. मुळशीच्या पुढे घाटात शिरायच्या आधी शेवटच्या टपरीवर थांब, चहा घे, समोरून आलेल्या गाडीवाल्याला विचार. एसटीचा किंवा दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर भेटला तर त्याहून चांगलं. रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं आणि खाली डांबर दिसत नसेल तर गाडी पुढे घालायची नाही, स्क्रीन काहीही म्हणो, रिव्हर्स घ्यायचा. आणि आईला लोकेशन शेअर करून ठेव, जिथे रेंज जाते त्या जागा तिला आधी सांग म्हणजे बाण थांबला तरी ती घाबरणार नाही.

शनिवारी पहाटे निघालास तरी तू नाश्त्याला घरी पोचतोस.

प्रश्न: आमच्या गावाजवळचा ओढ्यावरचा पूल पडून वर्ष झालं, नवीन पूल वरच्या अंगाला झालाय. तरी बाहेरच्या गाड्या जुन्या रस्त्याने येतात, रात्री लाईट दिसली की आम्ही पोरं धावत जाऊन थांबवतो. नकाशात दुरुस्ती कुणाला सांगायची? (वाचक, गगनबावडा परिसर)

उत्तर: तुम्ही पोरं जे करताय त्याबद्दल आधी मनापासून आभार. दुरुस्ती तीन ठिकाणी सांगावी लागते. गूगल मॅप्समध्ये त्या रस्त्यावर बोट दाबून ठेवा, दुरुस्ती सुचवायचा पर्याय येतो, त्यात रस्ता बंद असं टाका. एकट्याने टाकून चटकन होत नाही, गावातल्या वेगवेगळ्या फोनवरून दहा-पंधरा जणांनी टाका. दुसरं, मॅपल्स ॲपमध्येही हीच नोंद करा, ते मॅपमायइंडियाचंच ॲप आहे आणि पुष्कळ गाड्यांच्या आतला नकाशा तिकडून येतो, त्यामुळे बिल्ट-इनवाल्यांपर्यंत पोचायचा तोच मार्ग. तरी ज्यांनी वर्षानुवर्षं अपडेट केलेलं नाही त्यांच्या स्क्रीनवर तुमचा जुना पूल राहणारच. म्हणून तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, फाट्यावरच रस्ता अडवून घेणं. ग्रामपंचायतीचा ठराव करा आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना, जिल्हा परिषद असेल किंवा बांधकाम खातं, लेखी अर्ज द्या, तहसीलदारांना प्रत द्या आणि पोच घ्या. अर्जात पुलाचे अक्षांश-रेखांश लिहा. तोपर्यंत फाट्यावर दगड रंगवून आडवे टाका, त्यावर हेडलाईटमध्ये चमकणारी पट्टी चिकटवा, आणि पाटी पुलाजवळ न लावता फाट्यावर लावा म्हणजे गाडीला वळायला जागा राहील. अर्जासोबतचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा, एक दिवसाचा आणि एक रात्री गाडीच्या लाईटमध्ये, ड्रायव्हरला नेमकं काय दिसतं ते साहेबांना कळायला हवं.